काजूगराला मुभा, काजूवाल्याला मज्जाव

शेंगेन राष्ट्रांच्या भारतातील वकिलातींच्या व्हिसा अधिकाऱ्यांस खुले पत्र

दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग

माननीय महोदय व महोदया यांस,


आपल्यापैकी एका राष्ट्राच्या वकिलातीने माझा व्यावसायिक व्हिसाचा अर्ज नामंजूर केला, ही घटना इतकी सामान्य आहे की तेवढ्यासाठी जाहीर पत्राचा खटाटोप करण्याचे काही कारण नव्हते. कोणाला आपल्या उंबरठ्याच्या आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, हे ठरवण्याची मुखत्यारी प्रत्येक राष्ट्राला असते आणि ती असावी, याविषयी माझा वाद नाही. माझी तक्रार आहे ती माझी, आणि माझ्यासारख्या स्वतःच्या हिकमतीवर लहानसा धंदा उभा करणाऱ्या माणसांची, ज्या रीतीने पारख केली जाते त्या रीतीविषयी. त्या राष्ट्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेंगेन प्रदेशात आज २९ राष्ट्रे आहेत, त्यांची व्हिसासंहिता एकच आहे, आणि आमच्या व्यवसायातील इतर मंडळींकडून जे कानांवर येते त्यावरून एका वकिलातीचे दप्तर दुसरीहून फारसे निराळ्या चालीने चालत असेल असे वाटत नाही. तेव्हा ही कैफियत आपणां सर्वांच्याच पुढे ठेवीत आहे.

दोडामार्ग कोठे आहे हे आपणांस ठाऊक असण्याचे कारण नाही. मुंबईतल्या पुष्कळ मराठी माणसांनाही ते ठाऊक नसते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तिलारीच्या खोऱ्यात पसरलेला हा तालुका १९९९ साली सावंतवाडी तालुक्यातून वेगळा काढण्यात आला. आमच्या बाजारपेठेतून चालत निघालेला माणूस बघता बघता गोव्यात पोचतो, आणि पलीकडच्या वस्तीचे नावही दोडामार्गच आहे. आमची तरुण मुले म्हापशाच्या, थिवीच्या, डिचोलीच्या कारखान्यांत कामाला जातात. दुखणे हाताबाहेर गेले की रुग्णाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात, आणि २०१८च्या आरंभी त्या इस्पितळाने गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यावयास सुरुवात केली तेव्हा आमच्या तालुक्यात केवढा क्षोभ उसळला होता, हे इकडच्या प्रत्येकाला आठवते. सांगावयाचे एवढेच की सीमा म्हणजे काय, हे आम्हांस नव्याने शिकवावे लागत नाही. १९५४ नंतर गोव्याच्या सरहद्दीवर निर्बंध आले आणि आदल्या दिवसापर्यंत ज्या गावी मुलगी नांदत होती त्या गावी जाण्यास परवाना लागू लागला, तो काळ पाहिलेली माणसे आमच्यात अद्याप आहेत. परवाना देणारा आणि परवाना मागणारा यांच्यामधल्या टेबलाची रुंदी आम्हांला पिढीजात परिचयाची आहे.

माझा धंदा काजूचा. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून सोळाव्या शतकात गोव्यात आणले, तेथून ते आमच्या डोंगरउतारांवर चढले, आणि आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या जातींच्या कलमांनी आमच्या तालुक्यातील वरकस जमिनी हिरव्या झाल्या आहेत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बी विकत घ्यावयाची, उन्हात खडखडीत वाळवून गुदामात भरावयाची, मग वर्षभर थोडी थोडी काढून वाफेवर उकडावयाची, कात्रीवर फोडावयाची, गर बोर्म्याच्या भट्टीत सुकवावयाचा, साल सोलावयाची आणि अखेरीस टेबलावर पसरून प्रतवारी लावावयाची, असा हा उद्योग आहे. पौंडात तीनशे ते तीनशेवीस अखंड गर बसले तर तो माल 'डब्ल्यू ३२०', दोनशेवीस ते दोनशेचाळीस बसले तर 'डब्ल्यू २४०'. पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, करपलेला वेगळा. माझ्या शेडमधल्या बायका ही विभागणी वजनकाट्याकडे न पाहता नुसत्या नजरेने करतात, आणि त्यांची नजर चुकल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे.

आता या गरालाच आपल्या राष्ट्रांत प्रवेश हवा असेल तर त्याला काय करावे लागते, ते पाहावे. त्यातील आर्द्रता शेकडा ५ च्या वर नसावी. बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष खाण्यास तयार मालात किलोमागे ४ मायक्रोग्रॅमच्या वर नसावे, आणि त्यातील 'बी-१' हा प्रकार २ मायक्रोग्रॅमच्या वर नसावा. वेष्टनावर अमुक मजकूर असावा, निर्यातदारापाशी आयात-निर्यात क्रमांक असावा. या अटी कठोर आहेत, परंतु त्या आगाऊ छापलेल्या आहेत, त्या प्रत्येकाला सारख्या लागू आहेत, आणि माल नापास झालाच तर प्रयोगशाळेचा आकडा हातात मिळतो. मग त्या आकड्यावरून आम्ही आमची वाळवण सुधारतो, गुदामाची फरशी उंच करतो, आणि पुढच्या खेपेला पास होतो. सोललेल्या काजूगरावर आपल्या युरोपीय संघाची जकातही नाही. म्हणजे माझ्या मालापुढे आपण ज्या अटी ठेवल्या आहेत त्या अवघड असूनही न्याय्य आहेत, आणि त्यांबद्दल मी आपला ऋणीच आहे, कारण त्यांनी आमचा धंदा शिस्तीला लावला. हा माल ज्याने केला त्या माणसापुढे मात्र आपण कोणती अट ठेवली आहे, तो नापास झाला तर नेमका किती मायक्रोग्रॅमने झाला, हे त्याला कोणी सांगत नाही. मालाच्या बाबतीत जी स्पष्टता आपण पाळता ती माणसाच्या बाबतीतही पाळावी, एवढीच या पत्रातील माझी मागणी आहे. बाकीचा सारा मजकूर तिच्या समर्थनार्थ आहे.

आपण म्हणाल, माल जातो ना, मग माणसाने जाण्याची हौस कशाला? खाद्यपदार्थांच्या व्यापारातील मोठी प्रदर्शने म्हणजे विषम वर्षांत कोलोनला भरणारे 'अनुगा' आणि सम वर्षांत पॅरिसला भरणारे 'सियाल'. मला निमंत्रण होते ते त्यांहून पुष्कळच लहान अशा एका प्रदर्शनाचे, आणि त्यानंतर तेथील एका घाऊक व्यापाऱ्याच्या भेटीचे. जगाच्या बाजारात व्हिएतनामचा काजू डोंगराएवढा पडलेला असताना, आमच्या तालुक्यातील मूठभर मालाला गिऱ्हाईक मिळावयाचे ते नमुन्याची पिशवी फोडून, गर त्याच्या तळहातावर ठेवून, त्याने दाताखाली धरल्यावरच मिळते. भावाचे पत्रक संगणकावरून पाठवता येते. चव पाठवता येत नाही. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि मालाला त्याच्या गावाच्या नावाने ओळखण्याची ही कल्पना जगात रुजवणारी राष्ट्रे आपलीच. शँपेन त्याच प्रांताची, पार्माचे मांस त्याच गावचे, असे म्हणून आपण किती खटले लढला आहात! मालाच्या बाबतीत लहान गावाचे नाव हे गुणाचे लक्षण ठरते आणि माणसाच्या अर्जात तेच नाव संशयाला जागा करून देते, ही विसंगती मला अजून उलगडलेली नाही.

आता कागदांकडे वळतो. व्यावसायिक व्हिसासाठी जे दस्तऐवज मागितले जातात त्यांची यादी वाचताना माझ्या मनावर असा ठसा उमटला की ती तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनच प्रकारची माणसे होती: एक मोठ्या कंपनीने पाठवलेला पगारदार, आणि दुसरा त्या कंपनीचा मालक. पगारदाराने पगाराच्या पावत्या जोडाव्यात, वरिष्ठांचे रजा मंजूर केल्याचे पत्र जोडावे. मालकाने कंपनीची नोंदणी आणि ताळेबंद जोडावा. मी एकटाच मालक, मीच गुमास्ता, आणि माणूस कमी पडला तर कात्रीवर बसणाराही मीच. माझा अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनी सुचवले की 'ना हरकत' पत्र असलेले बरे. तेव्हा मी स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या सहीने, स्वतःलाच रजा मंजूर केली आणि हा इसम परत येऊन कामावर रुजू होईल अशी हमीही स्वतःविषयी स्वतःच दिली. त्या पत्राने कोणाचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही, पण यादीत एक ओळ होती आणि तिच्यासमोर एक कागद लागला. उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराचा दाखला, अन्नसुरक्षेचा परवाना, निर्यात क्रमांक हेही सर्व मी जोडले होते. सरकारदरबारी माझे अस्तित्व सिद्ध करणारे चार निरनिराळ्या खात्यांचे ते कागद आपल्या टेबलावर एका पगारपत्रकाच्या तोलाचे ठरले नाहीत.

बँकेच्या खात्याचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझी समजूत अशी की पुष्कळ हंगामी धंदेवाल्यांचे अर्ज याच ठिकाणी बुडतात. आपण मागील काही महिन्यांची उतारापत्रे मागता. ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनासाठी जुलै-ऑगस्टात अर्ज करणाऱ्या काजूवाल्याची ही उतारापत्रे म्हणजे नेमका खरेदीचा हंगाम आणि त्याची शेपटी. त्या काळात पैसा खात्यातून शेतकऱ्याकडे जात असतो आणि त्याच्या बदल्यात बी गुदामात येत असते. जितका व्यापारी भक्कम तितके त्याचे गुदाम भरलेले आणि तितकेच त्याचे खाते रिकामे. त्यातून खाते 'कॅश क्रेडिट'चे असेल तर शिलकेच्या रकान्यात ऋणचिन्हच असावयाचे. बँकेने माझी पत पाहून, माल तारण घेऊन मला ती मर्यादा दिली, हे त्या ऋणचिन्हाचे खरे तात्पर्य. परंतु शहरातल्या पगारदाराच्या खात्याशी ज्याची नजर सरावली आहे त्याला त्यात कर्जबाजारी मनुष्य दिसतो. यावर उपाय म्हणून काही मंडळी नातेवाइकांकडून चार लाख उसने घेऊन खात्यात दाखवतात, आणि मग एकाएकी आलेली रक्कम पाहून आपणांस संशय येतो, तो मात्र रास्तच असतो. मी तसे केले नाही. गुदामातील मालाचा बँकेने प्रमाणित केलेला तपशील मी जोडला. तो कोणी वाचल्याची खूण मला आढळली नाही.

प्राप्तिकराचेही असेच. आमच्या प्राप्तिकर कायद्यात लहान व्यापाऱ्याला उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा गृहीत धरून कर भरण्याची सवलत आहे. रोखीने आलेल्या रकमेवर शेकडा ८, बँकेमार्फत आलेल्यावर शेकडा ६. ही सवलत वह्यांच्या कटकटीतून लहान माणसाला सोडवण्यासाठी सरकारनेच दिली. शेतीचे उत्पन्न तर आमच्याकडे केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्तच आहे. यामुळे ज्याची स्वतःची बाग आहे आणि जो या सवलतीखाली विवरणपत्र भरतो, त्याचे कागदावरचे उत्पन्न त्याच्या खऱ्या ऐपतीहून बरेच खाली दिसते, आणि ते पूर्णपणे कायदेशीरपणे तसे दिसते. आपले अधिकारी या देशात वर्षानुवर्षे राहतात. त्यांनी एवढी गोष्ट जाणून घेणे अवघड नाही.

परंतु पैशाचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवू. खरा आक्षेप निराळाच होता. मला जो छापील नमुना मिळाला त्यात नामंजुरीची कारणे ओळीने दिलेली होती आणि त्यांतील एकापुढे खूण होती. तिचा आशय असा की व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आपल्या राष्ट्रांचा प्रदेश सोडून जाण्याचा माझा इरादा आहे याविषयी वाजवी शंका आहे. शंका वाजवी का, हे लिहिण्यास त्या नमुन्यात थोडी जागा होती आणि ती कोरी होती. मी चिडलो नाही; मला प्रथम हसू आले. ज्या माणसाच्या गुदामात वर्षभराची बी भरून पडली आहे, ज्याच्या शेडवर आजूबाजूच्या वाड्यांतील बायकांची चूल चालते, ज्याच्या बागेत २००२ पासून या तालुक्यात येऊ लागलेले रानटी हत्ती केव्हा शिरतील याचा नेम नसल्याने जो दोन रात्री सावंतवाडीला राहावयास धजत नाही, तो मनुष्य हे सारे टाकून आपल्या एखाद्या शहराच्या उपाहारगृहात चोरून भांडी घासण्यासाठी राहील, ही शंका कोणाला तरी खरोखर आली असेल का? की शंका घेण्यासाठी जेवढे वाचावे लागते तेवढेही वाचण्यास कोणाला सवड झाली नसेल?

परतण्याच्या इराद्याचा पुरावा म्हणून स्थावर मालमत्तेचे कागद चालतात, असे आपल्या संहितेच्या परिशिष्टातच म्हटले आहे. ठीक. माझ्या जमिनीचा सातबारा मी जोडला, त्याचे इंग्रजी भाषांतरही जोडले. आमच्या कोकणातील सातबारा आपण कधी पाहिला असेल तर त्यातील गंमत आपणांस कळेल. आजोबांच्या नावावरची जमीन न वाटलेली, तिच्यावर चुलते, चुलत चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला गिरणीत गेले ते परत न आलेले कोणी, अशी नावांची रांग. कसणारा एक आणि मालक पंधरा. ही जमीन विकता येत नाही, वाटून घेणे जमत नाही, आणि सोडून जाण्याची तर कल्पनाही कोणाला शिवत नाही, कारण तिच्याबरोबर देवळातला मान येतो, जत्रेतली जबाबदारी येते, आणि मूळ घरातला गणपती येतो, ज्याच्यासाठी दुबईला असलेला माणूसही विमान पकडून चतुर्थीला हजर होतो. ज्या कागदाने मी या मातीशी कायमचा जखडलेला आहे असे सिद्ध व्हावे, तोच कागद 'स्वतंत्र मालकी सिद्ध होत नाही' म्हणून निकामी ठरत असेल, तर या पद्धतीची रचना करणाऱ्याला माणसे कशाने बांधलेली असतात याविषयी फार थोडी माहिती होती असे म्हणावे लागते.

अर्ज स्वीकारण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे देण्याचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. काजूच्या टरफलात एक तेल असते. ते कातडी जाळते. कात्रीवर बसणाऱ्या बायका हातांना खोबरेल किंवा राख चोळून बसतात, तरी बोटांची टोके काळवंडतात, सालपटे निघतात, आणि वर्षानुवर्षांच्या कामाने त्यांवरच्या रेषा पुसट होतात. मी लहानपणापासून वडिलांच्या शेडमध्ये बसलेला. माझीही बोटे त्याच वळणाची. काचेच्या यंत्रावर मी बोटे ठेवी आणि यंत्र लाल दिवा दाखवी. तेथील मुलीने मला हात पुसण्यास सांगितले, मग जरा ओले करण्यास, मग जोराने दाबण्यास, मग हलक्या हाताने ठेवण्यास सांगितले. मागची रांग खोळंबली, एका गृहस्थांनी मोठ्याने सुस्कारा सोडला. ती मुलगी सौजन्याने वागली, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. शेवटी काही बोटे उमटली, काही उमटली नाहीत, आणि तशी नोंद करून तिने काम पुढे नेले. मी काजूचा धंदा करतो की नाही याचा पुरावा म्हणून मी शंभर-सव्वाशे पाने जोडली होती. जो पुरावा त्या काचेवर ठेवलेला होता त्याची नोंद मात्र यंत्रातील दोष म्हणून झाली. ही हकीकत मी शेडमध्ये सांगितली तेव्हा प्रतवारीच्या टेबलावरची एक वयस्कर बाई गर निवडता निवडता म्हणाली, "दादा, त्या सायबाक एक दिस हंयसर आणून बसवा, मगे कळात तेका."

तिची सूचना सर्वस्वी अव्यवहार्य नाही. आपल्या व्हिसासंहितेच्या, म्हणजे २००९च्या ८१० क्रमांकाच्या नियमाच्या, २१व्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की योग्य प्रसंगी वकिलात अर्जदाराला मुलाखतीस बोलावू शकते. आपण आम्हांस बोलवा. माझ्यापुढे मूठभर मिश्र गर टाका आणि 'डब्ल्यू २४०' कोणता, 'डब्ल्यू ३२०' कोणता, हा गर करपला का आणि यात ओल राहिली का, असे विचारा. यंदा बीचा भाव काय होता, उतारा किती पडला, कोणत्या मालाला कोणते गिऱ्हाईक, हे विचारा. खोटे निमंत्रण घेऊन आलेला मनुष्य पाच मिनिटांत उघडा पडेल आणि खरा व्यापारी तितक्याच वेळात ओळखू येईल. बोलवण्याइतकी सवड नसेल तर दूरध्वनीवर विचारा. अशी खोटी निमंत्रणे घेऊन येणारी माणसे आहेत, व्हिसा मिळवून तिकडेच राहणारी आहेत, बनावट ताळेबंद करून देणारे दलाल आमच्याच शहरांत दुकाने थाटून बसले आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या दलालांचा धंदा चालतो तो आपल्या पद्धतीमुळेच, हे आपण कधी लक्षात घेतले आहे काय? जेथे केवळ कागदावर पारख होते तेथे कागद करण्यात वाकबगार असलेलाच पास होणार.

आमच्या तालुक्याच्या शेजारी एक चमत्कार रोज घडत असतो, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. तो कागद हाती आला की शेंगेनच्या सर्व २९ राष्ट्रांत त्याला व्हिसा नको, बँकेचा उतारा नको आणि परतण्याचा इरादाही नको. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल मुळात सावंतवाडी संस्थानचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. म्हणजे भोसल्यांच्या आणि फिरंग्यांच्या झटापटीत एखादा ओहोळ कोणाच्या बाजूस राहिला, यावर आज ठरते की त्या ओहोळापलीकडच्या काजूवाल्याचा नातू लिस्बनचा नागरिक म्हणून सुखाने युरोपभर फिरेल आणि अलीकडचा काजूवाला स्वतःलाच रजा मंजूर करीत बसेल. दोघांच्या बागा एकाच उतारावर, दोघांची बी एकाच जातीची, दोघांची सोयरीकही एकमेकांत झालेली. त्या शेजाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही. भारताचा नागरिक म्हणून एकच पारपत्र बाळगण्यात मला कमीपणाही वाटत नाही. फक्त 'वाजवी शंका' म्हणून आपण जे म्हणता तिचा माणसाच्या चारित्र्याशी आणि ऐपतीशी किती संबंध आहे, हे या उदाहरणावरून ताडून पाहावे.

इतिहासाचा हिशेब काढण्यासाठी मी लिहीत नाही, तरी एवढे स्मरण दिले तर अप्रस्तुत ठरू नये की परवाना हातात असल्यावाचून व्यापाऱ्याला हलू द्यावयाचे नाही ही चाल या किनाऱ्यावर रुजवली ती आपल्याच खंडातून आलेल्यांनी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचे 'कार्ताझ' घेतल्याशिवाय आमची गलबते आमच्याच समुद्रात गेली तर मालासकट जप्त होत. उलट सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली तेव्हा ते परत जातील की नाही, याविषयी कोणी वाजवी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. ती तेव्हा घेतली असती तर कदाचित बरे झाले असते.

२०२४च्या एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी एक सवलत जाहीर केली: मागील तीन वर्षांत ज्याने दोन व्हिसे नियमाने वापरले त्याला दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकेल. सवलत चांगली आहे. पण ती ज्याला आधीच दोनदा आत घेतले त्याच्यासाठी आहे. पहिलाच दरवाजा ज्याच्यासाठी उघडत नाही त्या नवख्या उद्योजकाला तिचा काय उपयोग? एकीकडे भारत व युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २०२२च्या जूनमध्ये नव्याने सुरू झाल्या, १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार राष्ट्रांशी व्यापारकरारावर सह्या झाल्या, आणि ही चारही राष्ट्रे शेंगेनचीच. करार राजधानीत होतात. माल गावात तयार होतो. त्या दोहोंच्या मधला मनुष्य आपल्या रांगेत उभा आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा आहेत. नामंजुरीच्या नमुन्यात खुणेखाली जी जागा आहे तेथे दोन ओळी लिहाव्यात: कोणता कागद अपुरा वाटला आणि कोणत्या मुद्द्यावरून शंका आली. अपिलाचा अधिकार संहितेने दिला आहे हे मला ठाऊक आहे, परंतु कारण ठाऊक नसताना अपील कशावर करावयाचे, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत प्रदर्शनाचे मांडव उतरलेले असतात. एकट्या मालकीच्या धंद्यासाठी कागदांची निराळी यादी करावी. तीत गुदामातील मालाचा दाखला, कॅश क्रेडिटची मर्यादा, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि सामायिक सातबारा यांना उघड स्थान द्यावे, आणि बँकेचा उतारा काही महिन्यांऐवजी पुरत्या वर्षाचा मागावा, म्हणजे भरतीही दिसेल आणि ओहोटीही. निकाल साधारणतः पंधरा दिवसांत द्यावा असे आपली संहिताच सांगते, आणि तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबवण्याची मुभाही देते; व्यापारी प्रदर्शनाची तारीख निमंत्रणपत्रात छापलेली असते, तेव्हा निदान अशा अर्जांत ती तारीख उलटू देऊ नये. अर्जाची वेळ मिळवण्यासाठी हंगामात जी ओढाताण होते आणि तिच्यात दलालांचे जे फावते, त्याचा बंदोबस्त आपणांस करता येण्यासारखा आहे. शुल्क ९० युरो आहे, म्हणजे आमच्या नऊ हजारांच्या वर, आणि नामंजुरीनंतर ते परत मिळत नाही. ते परत मागण्याचा माझा आग्रह नाही, मात्र तेवढ्या पैशांत अर्ज वाचला जावा अशी अपेक्षा गैरवाजवी नसावी.

आमच्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जिल्हा उद्योग केंद्राने आणि काजू निर्यात परिषदेने आपापल्याकडे नोंदलेल्यांची धंद्यापुरती खातरजमा करून देणारे पत्र दिले, आणि वकिलातींनी ते मानावे म्हणून दिल्लीने शब्द टाकला, तर हे काम अर्धे हलके होईल. आज अशा पत्रासाठी गेले की प्रथम हे पत्र कोणत्या नियमाखाली द्यावयाचे, याचीच चर्चा होते.

पुढील प्रदर्शनासाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे. निमंत्रण आले आहे. त्या व्यापाऱ्याने, आमचे सरकार तुम्हांस का येऊ देत नाही हे मला कळत नाही, असेही सोबत लिहिले आहे, आणि त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचलेले नाही. मला मुलाखतीस बोलवावे. मुंबईला येण्याजाण्याचा खर्च माझा, नमुन्याचा माल माझा, आणि आपण जी तारीख द्याल ती मला मान्य. त्यानंतर अर्ज मंजूर करावा किंवा नामंजूर करावा; जे कराल ते मला प्रश्न विचारून करावे.

कळावे.

आपला नम्र,
दोडामार्ग येथील एक काजूप्रक्रिया उद्योजक